फळीवर फळी चढवून : लहान लाकडी होडीची बांधणी आणि तिचे शीड

नवी लाकडी होडी पहिल्यांदा पाण्यात उतरली की ती गळते. कसलेल्या हाताने बांधलेली असली तरी गळते, आणि ते पाहून नवखा माणूस हादरतो, कारण कित्येक महिन्यांची त्याची मेहनत त्याच्या डोळ्यांदेखत आतून ओली होत असते. एक-दोन दिवसांत मात्र फळ्यांनी पाणी प्यायलेले असते, लाकूड फुगून सांधे एकमेकांवर दाबले गेलेले असतात आणि गळती आपोआप थांबते. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते, एवढी एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी. लाकूड कोणते घ्यावे, खिळा किती घट्ट बसवावा, फट बुजवावी की तशीच सोडावी, होडी वर्षभर कशी सांभाळावी, या सर्व प्रश्नांची उत्तरे तिथूनच निघतात.

येथे डोळ्यांसमोर ठेवलेली होडी सुमारे १२ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद आहे. ती एकट्याला वल्हवता येते आणि एका शिडावर दोघातिघांना घेऊन जाते. तिच्या फळ्या कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवलेल्या असतात, आणि या पद्धतीला क्लिंकर म्हणतात. दुसऱ्या, म्हणजे कार्व्हेल पद्धतीत फळ्या कडेला कड लावून बसवतात आणि मधल्या फटींत कापसाची वात ठासतात. ती पद्धत मोठ्या, जड होड्यांना शोभते. लहान होडीला क्लिंकर बरी, कारण जिथे फळीवर फळी चढते तिथे दुप्पट जाडीची एक कड तयार होते, ती होडीला ताठपणा देते आणि म्हणून फळ्या पातळ ठेवूनही होडी मजबूत राहते. आधी फळ्यांचे कवच उभे करायचे आणि फासळ्या मागाहून घालायच्या, असा हा उलटा वाटणारा क्रम आहे. नॉर्वेतील गोकस्टाड येथे १८८० साली उत्खननात निघालेले, इसवी सन ९०० च्या सुमारास पुरलेले २३ मीटरांहून अधिक लांबीचे जहाज याच पद्धतीचे आहे. त्याच्यासोबत तीन लहान होड्याही पुरलेल्या होत्या आणि त्यांतली सर्वांत लहान साधारण साडेसहा मीटरांची होती. त्या जहाजाच्या पाण्याखालच्या फळ्या फासळ्यांना खिळ्यांनी जखडण्याऐवजी बांधून टाकल्या होत्या, त्यामुळे लाटेवर सारे कवच थोडे लवत असे. नॉर्डिक देशांतील ही होडीबांधणी २०२१ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

लाकूड आणि धातू

फळ्यांसाठी सरळ रेषांचे, कमी गाठींचे आणि गाभ्याकडचे लाकूड घ्यावे. सालीलगतचे फिकट लाकूड कितीही स्वच्छ दिसले तरी ते लवकर कुजते, म्हणून ते निर्दयपणे कापून टाकावे. लार्च, सीडर, साग, ओक यांपैकी जे चांगल्या प्रतीचे मिळेल ते चालते. झाडाच्या नावापेक्षा ओंडका कसा चिरला आहे याला मी अधिक महत्त्व देतो. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. ते रुंदीत आकसते, आणि त्यातही वार्षिक वलयांच्या दिशेने होणारे आकुंचन गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. म्हणून फळीचे टोक निरखावे : वलयांच्या रेषा तिथे उभ्या दिसत असतील तर ती फळी कमी हलेल, आणि आडव्या कमानीसारख्या दिसत असतील तर ती फुगेलही जास्त आणि पन्हळीसारखी वाकेलही.

लाकूड हवेत वाळवलेले असावे. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा सुतारांचा जुना ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो. भट्टीत अतिशय कोरडे केलेले लाकूड होडीला घातले तर पाण्यात गेल्यावर ते इतके फुगते की खिळ्यांवर आणि फासळ्यांवर नाहक ताण येतो. उलट ओलसर लाकूड बांधणी चालू असतानाच आकसत राहते आणि चढवलेल्या कडा उघडतात. १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेली फळी बांधायला उत्तम. ओलावा मोजण्याचे यंत्र नसेल तर फळीच्या मधल्या भागातून लहानसा तुकडा कापून लगेच वजन करावे, मग तो ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सियसच्या सुमारास ठेवून, वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवावा आणि उतरलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागावे. फळीच्या टोकाचा तुकडा मात्र घेऊ नये, कारण टोक बाकी फळीच्या आधी वाळते आणि हिशेब चुकतो.

खिळे तांब्याचे आणि चौकोनी दांड्याचे असावेत, आणि स्क्रू लावावेच लागले तर ते कांस्याचे असावेत. पितळेचे स्क्रू घेण्याचा मोह होतो, पण खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे ठिसूळ, तांबूस भुसा उरतो. तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी आले तर लोखंड झपाट्याने खाल्ले जाते, त्यामुळे तांब्याच्या खिळ्यांच्या होडीत एखादा लोखंडी खिळा 'तात्पुरता' म्हणूनही ठोकू नये.

आराखडा, साचे आणि कणा

पहिली होडी स्वतःच्या कल्पनेने रेखू नये. अनेकांनी बांधून पाहिलेला एखादा आराखडा निवडावा आणि त्यातल्या मापांवरून होडीच्या रेषा पांढऱ्या रंगवलेल्या जमिनीवर किंवा प्लायवूडवर पूर्ण आकारात काढाव्यात. मोजलेल्या बिंदूंवर लहान खिळे ठोकून त्यांच्या कडेने लांब, लवचिक पट्टी वाकवायची आणि पट्टीच्या कडेने रेघ ओढायची. पट्टी स्वभावतःच सुरेख वळते. एखाद्या बिंदूपाशी तिला जबरदस्तीने दाबावे लागत असेल तर त्या बिंदूचे माप चुकलेले आहे असे समजावे आणि पट्टीचे ऐकावे. गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून रेषेच्या टोकाकडून पाहिले की आकड्यांनी न सांगितलेला फुगवटा ताबडतोब दिसतो. या कामाला जेवढे दिवस लागतील तेवढे लागू द्यावेत.

या रेखाटनावरून चार-पाच आडवे साचे साध्या लाकडात कापावेत. ते होडीत राहत नाहीत, फळ्या चढेपर्यंत आकार धरून ठेवतात आणि नंतर निघतात. होडी उलटी ठेवून बांधणे सोयीचे असते हे खरे. तरी एकट्याने काम करणाऱ्याने ती सुलटीच बांधावी असे माझे मत आहे, कारण सुलट्या होडीत वाकून एक हात आत आणि एक हात बाहेर घालता येतो आणि बहुतेक रिव्हेट, म्हणजे आतले टोक चेपून पक्के केलेले खिळे, दुसऱ्याच्या मदतीवाचून मारता येतात.

कणा, म्हणजे दर्यावर्दी बोलीतला पठाण, सरळ आणि निर्दोष लाकडाचा घ्यावा. त्याच्या पुढच्या टोकाला नाळेचा वळणदार खांब आणि मागच्या टोकाला पाठीची सपाट फळी जोडली जाते, आणि आतल्या कोपऱ्यांत नैसर्गिक वाकाच्या लाकडाचे आधार बसतात. झाडाला जिथे फांदी फुटते तिथले लाकूड या आधारांसाठी शोधावे. त्याच्या रेषा वळणाबरोबरच वळलेल्या असल्याने ते सरळ फळीतून कापलेल्या तुकड्यासारखे मोडत नाही.

कण्याच्या आणि नाळेच्या दोन्ही बाजूंना पहिल्या फळीची कड बसण्यासाठी खोबण कोरावी लागते. खोबणीचा कोन मध्यापासून टोकापर्यंत सतत बदलत जातो. तो मोजत बसण्यापेक्षा फळीच्याच जाडीचा हातभर तुकडा साच्यांवर टेकवून त्याची कड खोबणीत बसते का हे दर बोटभर अंतरावर पाहत पटाशी चालवावी. जिथे खोबणीची रेषा कणा आणि नाळ यांच्या सांध्याला छेदते तिथे पाणी सांध्यातून वाट काढून आत येते, आणि ते खोबणीत काही भरून थांबत नाही. त्यासाठी नेमक्या त्या छेदावर आडवे, आरपार भोक पाडून त्यात मऊ, कोरड्या लाकडाची गोल खुंटी ठोकावी. पाणी तिथवर पोचले की खुंटी फुगते आणि आपली वाट आपणच बंद करते. पेन्सिलीएवढी ही खुंटी विसरली गेली तर सगळी होडी बांधून झाल्यावर तिच्या नावाने कपाळाला हात लावायची वेळ येते.

फळ्या चढवणे

बाजूला किती फळ्या येणार हे आधी ठरवावे. बारा फुटी होडीला प्रत्येक बाजूस आठ ते दहा ओळी पुरतात, आणि फळीची जाडी ८ ते १० मिलिमीटर, म्हणजे तीन सुतांच्या आसपास असावी. प्रत्येक ओळीची कड कुठून जाणार हे लवचिक पट्ट्या साच्यांवर लावून, दूर उभे राहून पाहून, हवे तिथे हलवून मग साच्यांवर खूण करावी. जिथे होडीचे पोट वळते तिथे फळ्या अरुंद ठेवाव्या लागतात, कारण रुंद सपाट फळी वळणाला चिकटत नाही. क्लिंकर होडीत ओळीची प्रत्येक कड सावली टाकते, त्यामुळे चुकलेली ओळ वर्षानुवर्षे चुकलेलीच दिसते. इथे आळस करू नये.

फळीचा सपाट आकार मिळवणे हे नवख्याला सर्वांत गूढ वाटते. होडीवर सरळ धावणारी दिसणारी फळी जमिनीवर उलगडली की केळ्यासारखी वाकडी, किंवा कधी इंग्रजी एससारखी निघते. त्यासाठी पातळ, टाकाऊ फळी साच्यांवर न वाकवता, न ताणता नुसती टेकवून खिळ्यांनी अडकवावी. मग कंपासाचे अंतर एकच ठेवून, आधीच्या फळीवर आखलेल्या रेषेवर त्याचे एक टोक टेकवत, दर काही इंचांवर टाकाऊ फळीवर खुणेची कमान ओढत जावे. ती फळी काढून चांगल्या लाकडावर ठेवली आणि कमानींवरून त्याच अंतराने उलटे मोजले की खरी कड मिळते. टाकाऊ फळी जराही पिळली किंवा आडवी ताणली गेली तर माप खोटे ठरते. लाकडाची एक फळी वाया गेल्याशिवाय हे अंगात भिनत नाही, म्हणून पहिल्या खेपेला स्वस्त लाकडावर हात बसवावा. एका बाजूची फळी तयार झाली की तीच साचा मानून दुसऱ्या बाजूची कापावी.

प्रत्येक फळी खालच्या फळीवर १८ ते २० मिलिमीटर चढते. फळ्यांमधला कोन सतत बदलतो, म्हणून खालच्या फळीच्या वरच्या कडेला तेवढ्याच रुंदीची तिरकस सपाटी रंध्याने काढावी लागते. मध्यावर ती बरीच तिरकी असते आणि टोकांकडे जवळजवळ नाहीशी होते. सरळ पट्टीचे एक टोक या सपाटीवर आणि दुसरे साच्यावरच्या पुढच्या खुणेवर ठेवून कोन तपासावा. सपाटी किंचितही बाहेरून गोल राहिली तर फळ्या मधल्या एका रेषेवरच भिडतात आणि दोन्ही कडांना फट राहते, म्हणून मी ती केसभर पोकळ ठेवतो; रिव्हेट आवळल्यावर दोन्ही कडा दाबून बसतात. नाळेपाशी आणि पाठीपाशी सगळ्या फळ्या एका पातळीत आल्या पाहिजेत, नाहीतर खोबणीत त्या पायऱ्यांसारख्या दिसतील. म्हणून शेवटच्या वीतभर लांबीत दोन्ही फळ्यांना उतरती खाच घेऊन चढ हळूहळू मिटवावा. होडीतली सर्वांत सामान्य गळती याच वीतभर जागेत असते.

पुरेशा लांबीची फळी मिळाली नाही तर दोन तुकडे तिरकस तासून जोडावेत. उताराची लांबी जाडीच्या आठपट, म्हणजे ९ मिलिमीटरच्या फळीला ७२ मिलिमीटर ठेवावी, आणि बाहेरून दिसणारे पातळ टोक मागच्या दिशेला यावे, जेणेकरून वाहते पाणी त्याच्यात शिरणार नाही. शेजारच्या ओळींचे जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत.

रिव्हेट मारणे हे कानाने शिकण्याचे काम आहे. भोक खिळ्याच्या बाजूच्या रुंदीएवढे पाडावे, म्हणजे त्याचे चार कोपरे लाकूड धरतात आणि फळी चिरतही नाही. खिळा बाहेरून ठोकून डोके फळीच्या पातळीत आणावे. आत निघालेल्या टोकावर तांब्याची घुमटदार चकती पोकळ पंचाने दाबून लाकडाला चिकटवावी. मग टोक चकतीपासून दीड मिलिमीटरभर ठेवून कापावे, बाहेर डोक्याला जड लोखंडी ठोकळा लावावा आणि आतून लहान, गोल डोक्याच्या हातोडीने टोक चेपावे. इथे हलके, भराभर पडणारे ठोके हवेत. आठ-दहा ठोक्यांत टोक छत्रीसारखे पसरते आणि प्रत्येक ठोक्यागणिक बोदा आवाज खणखणीत होत जातो. जोराचा एक ठोका मारला तर वरून रिव्हेट उत्तम दिसते, पण मऊ तांब्याचा दांडा लाकडाच्या पोटात वाकडा होतो, आणि पुढे लाकूड हलले की तो सरळ होऊन सांधा सैल पडतो. बाहेरचा ठोकळा डोक्यावरून घसरला तर तेही आवाजावरूनच समजते. बारा फुटी होडीत अशी रिव्हेट हजारांच्या घरात जातात, तेव्हा घाई करून चालत नाही.

चढाच्या आत सीलंट किंवा गोंद भरू नये. माझी पहिली होडी पूर्ण होऊन तीन महिने कोरड्या हवेत उभी होती आणि चढांतून नख जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. मी मोठ्या हुशारीने त्या सगळ्यांत कडक लांबी, म्हणजे पुटी, भरली. होडी पाण्यात गेली, फळ्या फुगल्या, त्यांना सरकायला जागा उरली नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी पाण्याच्या रेषेखालची एक फळी रिव्हेटांच्या ओळीनेच चिरत गेली. ती फळी बदलण्यासाठी दोन फासळ्या काढाव्या लागल्या. फटी तशाच सोडल्या असत्या तर त्या आपोआप मिटल्या असत्या.

फासळ्या आणि वरची कड

कवच पूर्ण झाल्यावर साधारण १५ सेंटिमीटर अंतरावर फासळ्या वाकवून बसवाव्यात. ओक किंवा ॲशचे सरळ रेषांचे, पूर्ण न वाळलेले लाकूड वाफेवर चांगले वळते. भट्टीत वाळवलेले कितीही वाफवले तरी तडकते. फळ्यांची लांबट पेटी करून तिच्यात उकळत्या पाण्याची वाफ सोडावी, आणि वाफेला बाहेर पडायला एक लहान वाट ठेवावी, कारण बंद पेटी फुटू शकते. जाडीच्या दर इंचाला एक तास या हिशेबाने १२ मिलिमीटरच्या फासळीला अर्धा तास लागतो. जाड हातमोजे घालून फासळी बाहेर काढली की ती वळवायला जेमतेम अर्धे मिनिट मिळते. आधी गुडघ्यावर हव्या त्याहून थोडी जास्त वाकवावी, मग कण्यावर पायाने दाबून दोन्ही बाजूंना फळ्यांवर टेकवत वर न्यावी आणि चापांनी धरावी. शंभरात पाच-दहा फासळ्या मोडणारच, त्यामुळे तेवढ्या जास्तीच्या कापून ठेवाव्यात. भोके आधीच बाहेरून पाडलेली असली तर गरम फासळीतून लगेच खिळा घालता येतो.

यानंतर वरच्या काठाला आतून-बाहेरून पट्टी, बाके, वल्ही अडकवायचे आकडे आणि पायाखालच्या सुट्या फळ्या बसवाव्यात. बाकांचे काम नुसते बसण्याचे नाही, दोन्ही बाजूंना आत-बाहेर जाण्यापासून तीच धरतात, म्हणून ती काठाशी कोपऱ्यातल्या आधारांनी घट्ट जोडावीत. वल्ह्यांची लांबी अंदाजाने ठरवू नये. आकड्यांमधले अंतर निम्मे करून त्यात ५ सेंटिमीटर मिळवले की वल्ह्याचा आतला भाग मिळतो, आणि तो एकूण लांबीच्या २५ भागांतले ७ भाग असावा. अंतर १२० सेंटिमीटर असेल तर आतला भाग ६५ आणि वल्हे सुमारे २३२ सेंटिमीटरचे होते.

तेल, आणि पहिले पाणी

आतून जवसाचे तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पहिला हात द्यावा, मग दाट करत जावे. बाहेरून रंग लावावा. फिकट रंग उन्हात कमी तापतो आणि फळ्या कमी वाळतात, म्हणून गडद रंगाचा हट्ट धरू नये. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेटतो. त्या चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

होडी पाण्यात टाकण्याआधी आठवडाभर आतून ओली गोणपाटे अंथरावीत. मग उथळ, शांत पाण्यात, तळ टेकू शकेल अशा जागी तिला बांधून ठेवावे आणि हाताशी बादली ठेवावी. पहिल्या काही तासांत पाणी भरेल तसे उपसावे. पाणी कुठून येते ते खडूने खुणावून ठेवावे, पण लगेच हत्यार उचलू नये. तिसऱ्या दिवसानंतरही जी खूण ओली राहते तेवढीच दुरुस्तीची.

शीड

लहान होडीला लग शीड सोयीचे असते : आखूड डोलकाठी, तिच्यावर दोराने चढणारे तिरपे परबाण, म्हणजे शीड धरणारी काठी, आणि त्याला बांधलेले चौकोनी शीड. या आकाराच्या होडीला सुमारे ७ चौरस मीटर कापड पुरते. दोर सुटला की सगळे शीड होडीत खाली येते, आणि याहून मोठी सुरक्षितता दुसरी नाही. शीड चढवल्यावर पुढची कड खाली ओढणारा दोर चांगला ताणावा. शिडाच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्याकडे तिरकी चुणी पडत असेल तर पुढची कड सैल आहे. वाऱ्याविना उभे असताना पुढच्या खालच्या कोपऱ्यातून वरच्या टोकाकडे बारीक चुणी दिसली तर घाबरू नये. वारा भरला की ती जाते.

पहिल्या दिवशी वारा होडीच्या बाजूवर येईल अशा दिशेने जावे आणि तसेच परत यावे. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले की बोफर्ट मापावर वारा तिसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे ७ ते १० नॉटचा झालेला असतो. तुरे वारंवार आणि सर्वत्र दिसू लागले तर तो चौथ्यावर गेलेला असतो, आणि नवख्याने तोवर किनाऱ्यावर असावे. किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा वारा फसवा असतो. काठाजवळ पाणी सपाट आणि वारा मंद वाटतो, पण पुढे गेल्यावर दोन्ही वाढतात आणि परतीची वाट वाऱ्याच्या तोंडावर येते.

शिडाची दामण, म्हणजे शीड ओढून धरणारा दोर, नेहमी हातात असावी, ती कधीही गाठ मारून बांधू नये. झोत आला की दामण सोडावी, होडी सरळ होते. शीड फडफडेपर्यंत ढिले करावे आणि फडफड थांबेपर्यंत ओढावे. त्याहून जास्त ओढले तर होडी पुढे कमी आणि बाजूला जास्त जाते. वाऱ्याच्या दिशेला साधारण ५० अंशांहून जवळ या शिडाची होडी जात नाही, म्हणून वाऱ्याकडचे ठिकाण नागमोडी वाटेनेच गाठावे लागते. वळण घेण्याआधी वेग भरपूर घ्यावा, सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या उलट बाजूला सावकाश ढकलावा, आणि होडी वाऱ्यात तोंड घालून अडली तर ती मागे सरकू लागेपर्यंत थांबून दांडा उलट दिशेला न्यावा. मागून वारा घेऊन शीड एका बाजूवरून दुसरीकडे फेकले जाणारे वळण वाऱ्यात टाळावे. त्याऐवजी वाऱ्याकडे वळून मोठा फेरा घ्यावा. वेळ जातो, पण डोके शाबूत राहते.

दांडा क्षणभर सोडला असता होडी आपोआप वाऱ्याकडे वळून थांबत असेल तर तिचा तोल बरोबर आहे. ती जोराने वाऱ्याकडे ओढत असेल तर माणसांनी थोडे मागे सरकावे किंवा बुडती मध्यफळी, म्हणजे होडीच्या मध्यातून पाण्यात उतरणारी फळी, जराशी वर घ्यावी. ती वाऱ्यापासून दूर पळत असेल तर मात्र डोलकाठी किंचित मागे कलवावी, कारण अशी होडी माणूस पडल्यावर त्याला सोडून निघून जाते. जीवरक्षक जाकीट अंगावर असावे, बाकांखाली हवेच्या पिशव्या घट्ट बांधलेल्या असाव्यात आणि वल्ही कधीही किनाऱ्यावर ठेवू नयेत. होडी उलटली तर तिला सोडून पोहत निघू नये. आधी शीड उतरवावे, मग मध्यफळीवर उभे राहून ती सुलटी करावी.

हंगाम संपल्यावर होडी पावसापासून झाकावी, पण आच्छादन काठापासून उंच ताणावे, जेणेकरून दोन्ही टोकांतून हवा खेळेल. खारे पाणी लाकडाला फारसे कुजवत नाही, पावसाचे साचलेले गोडे पाणी कुजवते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात, त्यामुळे होडी कायम पाण्यात ठेवू नये. कडक उन्हातही ठेवू नये, नाहीतर पुढच्या हंगामात तिला पुन्हा पहिल्यापासून पाणी पाजावे लागेल. तळाचे बूच काढून ठेवावे, साचेल ते पाणी वाहून जाईल. आणि ते बूच सुकाणूच्या दांड्याला दोरीने बांधावे, म्हणजे पुढच्या वर्षी होडी ढकलताना ते हाताला लागल्याशिवाय राहणार नाही.